मधला रस्ता कुणाचा?

२००० साली 'एव्हरक्वेस्ट' हा ऑनलाइन खेळ खेळणाऱ्याला फ्रीपोर्ट शहरातून फेडवेअर खंडावर जायचं असेल, तर बंदरावर जाऊन बोटीची वाट पाहावी लागे. ही बोट शोभेची नव्हती. ती खरोखर समुद्रातून येई, धक्क्याला लागे, थोडा वेळ थांबे आणि निघून जाई. चुकली तर पुढच्या फेरीपर्यंत धक्क्यावर बसायचं. मिळाली तर 'ओशन ऑफ टिअर्स' हा बेटाबेटांचा समुद्र ओलांडायचा, बुचरब्लॉकच्या धक्क्यावर उतरायचं, तिथून डोंगर पार करून ग्रेटर फेडार्कच्या जंगलात शिरायचं आणि झाडांवर फळ्या टाकून वसवलेल्या केलेथिन शहरात पोचायचं. या सगळ्यात संध्याकाळचा चांगला भाग जाई. आणि या सगळ्यात आजूबाजूला माणसं असत. कुणी बोटीवर नवखं, कुठे उतरायचं हे विचारणारं. कुणी दहा वेळा येऊन गेलेलं, सांगणारं. त्याच सर्व्हरवर महिन्याभराने तीच नावं पुन्हा दिसत, आणि ओळख बोटीवर झालेली असे.

पायी जाणाऱ्यालाही सोबत लागे. ड्रुइड आणि शमन या वर्गातल्या पात्रांकडे 'स्पिरिट ऑफ वुल्फ' नावाचा मंत्र होता. तो अंगावर पडला की काही वेळ चाल वेगवान व्हायची. शहराच्या वेशीवर उभं राहून नवख्यांवर हा मंत्र टाकणारे ड्रुइड हे तिथलं नेहमीचं दृश्य होतं. कुणी फुकट टाकी, कुणी चार नाणी घेई. लांब जायचं असेल तर ड्रुइड किंवा विझार्ड गाठायचा. जगात ठरावीक ठिकाणी असलेल्या दगडी वर्तुळांपाशी आणि मनोऱ्यांपाशी ते माणसांना क्षणात नेऊन सोडत. याला 'पोर्ट' म्हणत आणि त्याचे पैसे मोजावे लागत. म्हणजे फास्ट ट्रॅव्हल या खेळात पहिल्यापासून होतं. फक्त ते एका जिवंत माणसाच्या हातात होतं. त्याला शोधावं लागे, विचारावं लागे, तो कामात असेल तर थांबावं लागे.

ऑक्टोबर २००२मध्ये 'प्लेन्स ऑफ पॉवर' ही भर आली आणि शहरांच्या बाहेर एकेक पुस्तक दिसू लागलं. पुस्तकावर क्लिक केलं की खेळाडू 'प्लेन ऑफ नॉलेज' नावाच्या मध्यवर्ती नगरीत पोचे. तिथे बँका, दुकानं आणि जगातल्या सगळ्या मोठ्या शहरांकडे नेणारी पुस्तकं होती. दोन क्लिकांत कुठूनही कुठेही. खेळाडू खूश झाले. का होऊ नयेत? पण गावाला बाह्यवळण रस्ता झाला की जुन्या नाक्यावरच्या हॉटेलांचं जे होतं तेच या खेळातल्या बोटींचं झालं. ड्रुइड-विझार्डांचा धंदा बसला. मधल्या प्रदेशांतली वर्दळ आटली. त्याआधी डिसेंबर २००१मध्ये बाजारासाठी वेगळी जागा बांधून दिल्यामुळे ईस्ट कॉमनलँड्सचा बोगदाही रिकामा पडला होता. हा बोगदा कंपनीने बाजार म्हणून बांधलेला नव्हता. येण्याजाण्याच्या वाटेवर होता म्हणून खेळाडूच तिथे भिंतीला टेकून बसू लागले, ओरडून माल विकू लागले आणि तो बाजार झाला. वाट नसती तर तो बाजारही नसता.

ऑनलाइन खेळांत फास्ट ट्रॅव्हल असावं का, असलं तर किती, हा वाद तेव्हापासून चालू आहे आणि तो बहुतेक वेळा चुकीच्या प्रश्नावर अडकतो. एकटा खेळणारा म्हणतो, चालायचं त्याने चालावं, मला कंटाळा येतो, मी नकाशावर क्लिक करणार, तुमचं काय जातं? एकट्याने खेळायच्या खेळात हे शंभर टक्के बरोबर आहे. 'स्कायरिम'मध्ये कुणी पायी फिरलं काय आणि उडी मारून गेलं काय, दुसऱ्याच्या स्कायरिमला धक्का लागत नाही. हजारो माणसं एकाच जगात असतात तेव्हा मात्र रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण दुसऱ्याच्या रस्त्याचा भाग असतो. मी नकाशावर क्लिक केलं की मी माझा प्रवास वाचवतो, आणि त्याच वेळी रस्त्यावरून एक माणूस कमी करतो. हे सगळ्यांनी केलं की चालायची हौस असलेल्यालाही ओसाड रस्ताच मिळतो. त्याने निवड केली ती चालण्याची. वर्दळ निवडणं त्याच्या हातात राहिलेलं नसतं.

राफ कॉस्टर हे नाव या चर्चेत टाळता येत नाही. 'अल्टिमा ऑनलाइन' (१९९७) आणि 'स्टार वॉर्स गॅलेक्सीज' (२००३) या दोन्ही खेळांच्या रचनेत ते आघाडीवर होते. ऑनलाइन जगांच्या रचनेबद्दल त्यांनी जे नियम गोळा केले त्यातला एक असा, की माणसांनी एकमेकांशी बोलावं असं वाटत असेल तर त्यांना रिकामा वेळ द्यावा लागतो. गॅलेक्सीजमध्ये एका ग्रहावरून दुसऱ्यावर जायचं तर यान येईपर्यंत थांबावं लागे. त्या वेळात तळावर गप्पा होत, व्यवहार होत, कुणी कुणाला कामाला घेई. जपानमध्ये २००२ साली आलेल्या 'फायनल फँटसी ११'मध्ये सेल्बिना आणि म्हौरा या बंदरांमध्ये फेरीबोट चाले. खेळाडू कठड्याशी उभे राहून मासे पकडत आणि एखाद्या फेरीत समुद्री चाच्यांचा हल्ला होई. एरवी एकमेकांकडे न पाहणारे प्रवासी मग एकत्र लढत. रिकामा वेळ दिला की गप्पा आपोआप होतात असं नाही. पण तो दिलाच नाही तर होतच नाहीत, इतकं या जगांकडे पाहून म्हणता येतं.

सगळ्यात मोठं उदाहरण अर्थातच 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चं. नोव्हेंबर २००४मध्ये आलेल्या या खेळाने एव्हरक्वेस्टच्या तुलनेत प्रवास खूप सोपा केला, पण पुसून टाकला नाही. पक्ष्यांवरून उडायचे ठरलेले मार्ग होते. मात्र ते आधी पायी जाऊन उघडावे लागत, आणि उडताना खालून जमीन सरकताना दिसे. आयर्नफोर्जहून स्टॉर्मविंडला जाताना राखाडी, जळका मुलुख पायाखालून जाई आणि इथे आपल्याला अजून उतरता येत नाही हे कळे. वेळ वाचवून जग शाबूत ठेवणारी इतकी चांगली युक्ती मला दुसऱ्या कुठल्या खेळात दिसलेली नाही. घरी परतायला हर्थस्टोन होता, पण तो तासातून एकदाच चाले. घोडा मिळायचा तो चाळिसाव्या लेव्हलला, आणि तोही बहुतेकांना परवडत नसे.

त्या काळातला एक प्रवास जुने खेळाडू आजही सांगतात. नाइट एल्फ वंशाचं नवं पात्र टेल्ड्रासिल या महावृक्षावर जन्माला येई. मित्राने मानव घेतलेला असेल तर तो दुसऱ्या खंडावर, स्टॉर्मविंडजवळ. भेटायचं कसं? ऑबर्डिनच्या धक्क्यावरून बोट पकडून मेनेथिल हार्बरला उतरायचं. तिथून पुढे वेटलँड्सची दलदल. दलदलीत विसाव्या लेव्हलच्या पुढच्या मगरी, आणि आपण जेमतेम दहाव्या. रस्ता सोडायचा नाही, तरी एखादी मगर अंगावर यायचीच. मेलं की भूत होऊन स्मशानातून आपल्या मढ्यापर्यंत धावायचं, उठायचं, पुन्हा चार पावलं. मग डन अल्गाझचे बोगदे, लॉक मोडानचं तळं, डन मोरोचा बर्फ, आयर्नफोर्जचा भला मोठा दरवाजा आणि शेवटी डोंगराखालून जाणारी डीपरन ट्राम. लेव्हलच्या हिशेबात या धडपडीतून जवळपास काहीच मिळत नसे. पण ज्याने ती केली त्याला ॲझेरॉथ हे खेळाचं जग नकाशा राहत नसे, मुलुख होई. वाटेत एखादा अनोळखी योद्धा थांबून ती मगर मारून देई आणि काही न बोलता निघून जाई. त्यालाही तिथून जायचंच होतं म्हणून तो तिथे होता.

पुढची वर्षं म्हणजे हा मुलुख हळूहळू उचलला गेल्याची कहाणी आहे. जानेवारी २००७मध्ये 'बर्निंग क्रूसेड'ने उडते घोडे दिले, पण फक्त नव्या आउटलँडमध्ये. डिसेंबर २०१०च्या 'कॅटॅक्लिझम'ने मूळ खंडांवरही उडू दिलं. या दोन्हींच्या मधे, डिसेंबर २००९ला, 'डंजन फाइंडर' आला. माझ्या मते घाव तिथे बसला. बटण दाबलं की वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाच जण एकत्र यायचे, थेट भुयारात पडायचे आणि काम झालं की जिथे होते तिथे परत. पूर्वी भुयार गाठण्यातच अर्धा कार्यक्रम असे. माणसं गोळा करायची, कोण कुठवर पोचलं ते विचारायचं, दारापाशी उरलेल्यांची वाट पाहायची. त्यात वेळ जाई आणि पुष्कळांना तो नकोसा होता, हे खरंच. पण त्या खटपटीमुळे सर्व्हरवर माणसाला नाव होतं. लुटीतला माल ढापणारा दुसऱ्या दिवशी कुणाला नको असे. अनोळखी सर्व्हरवरच्या चौघांशी वीस मिनिटांपुरता संबंध आला, की चांगलं वागण्याचं आणि वाईट वागण्याचं मोल सारखंच होतं.

हा खेळ बनवणाऱ्या ब्लिझर्डला हे कळत नव्हतं असं नाही. २०१४च्या 'वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉर'मध्ये त्यांनी उडणं बंद ठेवलं. २०१५ साली तेव्हाचे प्रमुख डिझायनर आयन हॅझिकोस्टस यांनी पुढेही ते नसेल असं सांगितलं. त्यांचं म्हणणं रचनेच्या अंगाने बिनतोड होतं. दरी, पूल, पहारा, लपलेली गुहा हे सगळं जमिनीवरून येणाऱ्यासाठी असतं, वरून थेट अंगणात उतरणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. खेळाडूंचा भडका उडाला आणि काही आठवड्यांतच कंपनीने मधला मार्ग काढला. अख्खा प्रदेश पायी हिंडा, दडलेला खजिना शोधा, तिथल्या कथा पूर्ण करा, मग उडण्याचा परवाना मिळेल. अनेकांना ही सक्ती वाटली. मला ती तडजोड न्याय्य वाटते. जी वाट एकदा पूर्ण तुडवली ती पुन्हा पुन्हा तुडवायला लावणं हा जाच आहे. जी कधी पाहिलीच नाही ती गाळायला देणं वेगळं.

ऑगस्ट २०१९मध्ये कंपनीने जुना खेळ 'क्लासिक' नावाने पुन्हा उघडला. सर्व्हरमध्ये शिरायला तासन् तास रांगा लागल्या. उडता घोडा नाही, डंजन फाइंडर नाही, आणि तरीही लाखो माणसं पुन्हा पायी निघाली. ब्लॅकरॉक माउंटनच्या साखळदंडांवर पुन्हा खेळातल्या दोन्ही शत्रुपक्षांच्या झटापटी सुरू झाल्या, कारण मोठ्या मोहिमांची दारं त्या डोंगरात होती आणि प्रत्येकाला तिथून जाणं भाग होतं. आठवणींची ओढ होतीच. तेवढ्यावर मात्र माणसं महिनोन् महिने टिकत नाहीत. याच क्लासिक मालिकेत 'रॅथ' या पुढच्या भरीची पाळी आली तेव्हा कंपनीने डंजन फाइंडर द्यायला आधी नकार दिला आणि २०२३मध्ये तो अखेर दिला. एकाच खेळाने एकच वाद दोनदा घातला आणि दोन्ही वेळा सोयीच्या बाजूने निकाल लागला.

सोयीच्या बाजूचं म्हणणं मला हलकं वाटत नाही. २००४ साली कॉलेजात असलेला खेळाडू आज चाळिशीत आहे. मुलं झोपल्यावर तासभर मिळतो. त्यातली चाळीस मिनिटं घोड्यावर काढा असं त्याला सांगणं हा त्या तासाचा अपमान आहे. त्यातच अनेक खेळांतले रस्ते असे असतात की त्यांच्यावर काही घडतच नाही: तीच झाडं, तेच लांडगे, तोच पूल. अशा जगात फास्ट ट्रॅव्हल काढून टाकलं तर रिकामपण फक्त लांबतं. २०२१च्या 'न्यू वर्ल्ड'मध्ये घोडे नव्हते आणि जलद प्रवासाला अंतर आणि ओझ्याप्रमाणे 'अ‍ॅझॉथ' मोजावं लागे. सुरुवातीपासून तक्रारी झाल्या आणि ही आकारणी कंपनीला कमी करावी लागली. वाटेवर जीव ओतायच्या आधीच जकात बसवली तर दुसरं काय होणार?

आणि 'गिल्ड वॉर्स २' आहे. ऑगस्ट २०१२पासून या खेळात जगभर वेपॉइंट विखुरलेले आहेत. थोडी नाणी टाकली की आधी उघडलेल्या कुठल्याही वेपॉइंटवर जाता येतं. तरी त्याचं उघडं जग रिकामं नाही, कारण ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी मोठे राक्षस उठतात आणि शंभर माणसं तिथे क्षणात गोळा होतात. लढाई दणक्यात होते. फास्ट ट्रॅव्हल असूनही जग भरलेलं राहतं, याचा हा पक्का पुरावा. पण ही गर्दी वेळापत्रकाची आहे. राक्षस पडला की पाच मिनिटांत सगळे पुढच्या जागी. दोन जागांच्या मधे काय आहे याकडे त्यांतल्या कित्येकांचं लक्ष नसतं.

अंतराचा खरा हिशेब पाहायचा तर 'ईव्ह ऑनलाइन'कडे जावं लागतं. आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा हा खेळ मे २००३पासून चालू आहे. पाच हजारांहून जास्त सूर्यमाला आणि जवळजवळ सगळे खेळाडू एकाच विश्वात. माल एका जागी स्वस्त, दुसरीकडे महाग. जिटा ही सूर्यमाला सगळ्यात मोठी बाजारपेठ, आणि तीही खेळाडूंनीच तशी केलेली. तिथून माल भरून अमारला नेणारा मालवाहू एकेका गेटमधून जातो आणि प्रत्येक गेटवर कुणी दबा धरून बसलंय का हे पाहतो. या जोखमीवर त्याची मजुरी ठरते. हल्लेखोर, पहारेकरी, भाड्याने माल नेणाऱ्या खेळाडूंच्या संस्था हा सगळा संसार त्या अंतरावर उभा आहे. २०२०मध्ये खेळाच्या कथानकात नियार्जा ही सूर्यमाला आक्रमकांच्या हाती गेली आणि जिटा-अमार हा नऊ-दहा उड्यांचा सुरक्षित रस्ता तुटला. सुरक्षित वळसा घ्यायचा तर चाळीसहून जास्त उड्या. एक ठिपका नकाशावरून हलला आणि दोन बाजारपेठांमधल्या वाहतुकीचं सगळं गणित पुन्हा मांडावं लागलं. जिथे क्लिक करून कुठेही जाता येतं, तिथे असं काही घडूच शकत नाही.

याच खेळाने उलटा धडाही शिकवला आहे. मोठ्या युद्धनौका गेट वगळून थेट दूरच्या सूर्यमालेत उडी घेऊ शकत. जानेवारी २०१४मध्ये बी-आर५आरबी इथे सात हजारांवर खेळाडू लढले आणि ७५ टायटन नौका नष्ट झाल्या. जगभरच्या वृत्तपत्रांनी ती लढाई छापली. पण अशा ताफ्यांच्या उड्यांमुळे विश्व लहान झालं होतं. कुठल्याही कोपऱ्यात दोन लहान गट भांडले की विश्वाच्या दुसऱ्या टोकाची महासत्ता काही मिनिटांत तिथे हजर. लहानांना दूर असण्याचा आसरा उरला नव्हता. ४ नोव्हेंबर २०१४ला 'फीबी' बदल आला: उडीचा पल्ला छाटला आणि प्रत्येक उडीनंतर 'जंप फटीग', म्हणजे पुढच्या उडीआधी वाढत जाणारी सक्तीची विश्रांती. विशेष म्हणजे मालवाहू जंप फ्रेटरना यातून बरीच सूट दिली. सैन्य रोखायचं होतं, पण सरहद्दीवरच्या वसाहतींचा रसद-पुरवठा तोडायचा नव्हता. फास्ट ट्रॅव्हल हा सत्तेचाही प्रश्न आहे, हे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुठल्या खेळाने मान्य केल्याचं मला माहीत नाही. अंतर हे दुबळ्याचं संरक्षण असतं.

जमिनीच्या भावातही ते दिसतं. 'सेकंड लाइफ' या ऑनलाइन जगात पूर्वी उडी मारून जायचं तर 'टेलिहब' नावाच्या ठरावीक ठिकाणीच उतरता येई. त्यांच्या भोवतीच्या जागेला भाव होता आणि दुकानं तिथे दाटीने होती. डिसेंबर २००५मध्ये हवं तिथे थेट उतरायची सोय झाली आणि त्या जागांना वेगळं असं काही उरलं नाही. ते चालवणाऱ्या लिंडन लॅबला अशा जमिनी परत विकत घ्यायची तयारी दाखवावी लागली.

आपल्याकडच्या मुलांना हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. 'जीटीए'च्या रोलप्ले सर्व्हरवर भारतातली असंख्य मुलं खेळतात. तिथे सहसा नकाशावर क्लिक करून जाता येत नाही, गाडीने जावं लागतं. म्हणूनच तिथे टॅक्सी चालवणारा खेळाडू असतो, बंद पडलेली गाडी ओढून नेणारा मेकॅनिक असतो, अपघातानंतर येणारी ॲम्ब्युलन्स असते. अंतर काढून घेतलं तर या तिघांनाही काम उरणार नाही.

मग करायचं काय? मला सगळ्यात पटलेलं उत्तर स्वीडनमधल्या आयर्न गेट या छोट्या स्टुडिओने दिलं. त्यांचा 'व्हॅलहाइम' फेब्रुवारी २०२१मध्ये आला. एका जगात दहा जणांपर्यंत खेळता येतं. पोर्टल बांधायला सोपी आहेत, माणूस क्षणात कुठेही जातो. पण खनिज आणि धातू अंगावर असेल तर साधं पोर्टल आत घेत नाही. दलदलीतल्या भुयारांतून खणलेलं लोखंड घरी न्यायचं तर जहाज बांधावं लागतं, वारा पाहावा लागतो आणि समुद्रसर्प आलाच तर एकाने सुकाणू धरायचं आणि बाकीच्यांनी धनुष्य. रोजची ये-जा सुटसुटीत, आणि ज्या खेपेला मोल आहे ती खेप मात्र खरी. रेअर कंपनीचा 'सी ऑफ थीव्ह्ज' (२०१८) वेगळ्या वाटेने तिथेच पोचला. जानेवारी २०२४पासून जहाज पाण्याखाली बुडी मारून थेट मोहिमेच्या जागी वर येतं, पण जहाजावर खजिना असेल तर तो बुडी मारताना सोबत येत नाही. भरलेलं जहाज वाऱ्यावरच हाकावं लागतं, इतरांच्या दुर्बिणींसमोरून.

हे दोन्ही खेळ माणूस आणि त्याचं ओझं यांत फरक करतात, आणि 'फीबी'नेही आपल्या परीने सैन्य आणि रसद यांत तसाच फरक केला. रात्रीचा एक तास असलेल्या माणसाला मित्रांपर्यंत लगेच पोचू द्यावं. माल, सैन्य, लूट, म्हणजे ज्यांच्या हलण्याने दुसऱ्याचं काही कमी-जास्त होतं, ते मात्र रस्त्यावरूनच जावं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. व्हॅलहाइमने २०२३मध्ये हा निर्बंध हवा तर काढून टाकायची सोयही दिली. दहा मित्रांच्या जगात ते चालतं, कारण निर्णय घेणारे दहाही जण एका चॅटवर असतात आणि रस्ता ओस पडला तर तो त्यांचाच पडतो. हजारोंच्या सर्व्हरवर असं मत घेता येत नाही. तिथे प्रत्येक जण आपल्या क्लिकपुरता मतदार असतो आणि रस्त्याच्या बाजूने मत टाकायला कुणीच नसतं. ते मत खेळ बनवणाऱ्यांनीच टाकायला हवं, तेही पहिल्या दिवसापासून. एकदा दिलेली सोय परत घेता येत नाही, हे ब्लिझर्डला २०१५मध्ये काही आठवड्यांतच कळलं.